टपालचा विषय

घरात तिला सगळे टपाल म्हणायचे. मी तिची मावसबहीण. सुट्टी लागली की माझा मुक्काम त्यांच्याकडेच, त्यामुळे हे नाव कसं पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिचे बाबा आणि काका यांचं चष्म्यांचं दुकान होतं. बाबा मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे, काका पुढे काउंटरवर गिऱ्हाईक सांभाळायचे, मधे एक पडदा. दुकानाच्या पाटीवर डोळा काढायचा की चष्मा, यावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. दुकान मात्र चालू. मग निरोप कोण नेणार? शाळेतून आली की ही पडद्यापाशी स्टूल टाकून बसायची.

बाबा आतून म्हणायचे, "विचार त्याला, ही फ्रेम डोळे मिटून घेतली का?"

ही बाहेर जाऊन सांगायची, "काका, हिची दांडी जरा सैल आहे. दुसरी मिळेल का?"

"सांग त्याला, स्वतःचा हात चालत नाही म्हणून फ्रेमला नावं ठेवू नको."

आत निरोप पोचायचा, "काका बघतो म्हणाले."

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

पुढे ती विद्यापीठात गेली. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, मुख्य विषय त्यानंतर निवडायचा. बाबांच्या मनात होतं, पोरीनं डोळे तपासायला शिकावं. काकांना वाटे, हिशेब शिकावा. तिला दोन्हीत गम्य नव्हतं आणि तिसरं काय, तेही सुचत नव्हतं.

एकदा कॅन्टीनमध्ये जागा मिळेना म्हणून ती डबा घेऊन एका रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. दोन घास पोटात जातात न जातात तोच वर्ग भरला. एक सोडून तीन शिक्षक आत आले आणि त्यांनी रेडिओवरची एक जुनी सूचना ऐकवली. नदीला पूर येणार होता. सखल भागातल्या लोकांनी ती सूचना ऐकली आणि तरी ते घरातच बसून राहिले. का?

इतिहासाच्या बाई म्हणाल्या, आधीच्या दोन सूचनांनंतर पूर आलाच नव्हता. तत्त्वज्ञानाच्या सरांनी विचारलं, ऐकणाऱ्याला कळलं नाही तर दोष कुणाचा? भाषेच्या सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'पाणी वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

टपालनं घास गिळून हात वर केला. "सर, यात घर सोडा असं कुठेच म्हटलेलं नाही. ते लोकांनी आपापलं ओळखायचं होतं."

"तुम्ही या वर्गातल्या नाही," भाषेचे सर म्हणाले.

"नाही. मी जेवायला आले होते."

"मग जेवा. आणि उद्याही या."

त्या विषयाचं नाव आंतरविद्याशाखीय मानव्यविद्या आणि संज्ञापन, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं. मी सुट्टीत गेले होते तेव्हा एका रात्री जेवताना तिनं ते एका दमात सांगून टाकलं. टेबलाच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका. काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"दादा, ऐकलंस का?"

"ऐकलं," बाबा म्हणाले. "शिकून करणार काय पण?"

"तेच म्हणतोय मी. नाव तरी केवढं! पाटी करायची म्हटली तर रस्ता ओलांडून जाईल."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे. इतक्या वर्षांनी दोघे एकमेकांशी बोलत होते, आणि त्या दोघांच्याच ते लक्षात आलं नव्हतं. जेवण आटोपून ते गॅलरीत गेले, बराच वेळ कुजबुजले आणि एकजुटीनं परत आले.

"हा विषय नको," बाबा म्हणाले. "बोलायला काय शिकायचंय? तोंड आहे, बोलता येतं."

"तुम्हा दोघांनाही तोंड होतं," टपाल म्हणाली. "तरी निरोप मी नेत होते. आणि जसेच्या तसे कधीच नेले नाहीत."

बाबा काकांकडे वळले. "म्हणजे तू 'बघतो' म्हणाला नव्हतास?"

"खरं काय म्हणाले होते, सांगू?" तिनं विचारलं.

"नको," काका घाईनं म्हणाले. "घेऊ दे तिला तो विषय."

तिनं तो घेतला. तत्त्वज्ञानात ती कशीबशी काठावर पास झाली. शिकून झाल्यावर दोन ठिकाणी नकार आला, तेव्हा आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. इकडे दुकानात बाबा आणि काका आता पडदा सारून समोरासमोर भांडतात आणि गिऱ्हाईकं ऐकत बसतात.

सध्या ती एका मोठ्या रुग्णालयात आहे. घरी जाताना रुग्णाला काळजी कशी घ्यायची याचा जो कागद देतात, तो ती लिहिते. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले, तेव्हा वॉर्डाच्या दारात एका डॉक्टरीणबाईंशी तिचा वाद रंगला होता. जुन्या कागदावर 'त्रास वाढल्यास यावे' असं होतं. टपालचं म्हणणं, वाढल्यास म्हणजे किती? ताप नेमका किती, ते लिहायला हवं.

"आकडा लिहिला तर तेवढा ताप चढेपर्यंत लोक घरीच थांबतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टपालनं कागदाच्या कडेला लिहिलेलं स्वतःचंच आकड्याचं वाक्य खोडलं. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. चला, त्या खिडकीजवळच्या आजींना विचारू, त्यांना यातून काय कळतं ते."

मला तिथेच बाकावर बसवून दोघी आत गेल्या.