साठ मीटरवरची तहान

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सळ्यांचा भारा क्रेनच्या हुकाला लटकत चौदाव्या मजल्याच्या उघड्या स्लॅबकडे निघाला होता, आणि तो भारा चालवणाऱ्या माणसाला आपली बोटं कुठे आहेत तेच कळेनासं झालं होतं.

बोटं जागेवरच होती, केबिनमधल्या दोन दांड्यांवर. डाव्या दांडीने क्रेनचा लांब हात फिरतो, उजवीने हुक वरखाली होतो. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. समोरच्या काचेच्या कडा काळ्या पडत चालल्या होत्या. पायाखालच्या काचेतून चार पिवळी हेल्मेटं दिसत होती. भारा उतरवून घ्यायला चौघे माना वर करून उभे होते.

"पायलट, डावीकडे अजून. ये, ये, ये..." वॉकीटॉकीतून खालचा सिग्नलवाला सांगत होता.

पायलटने दोन्ही दांड्या सोडल्या. सोडल्या की त्या आपोआप मधोमध येतात आणि क्रेन थांबते. भारा हवेत थांबला, हेलकावे खाऊ लागला.

"काय झालं? वारा आहे का वर?"

वारा नव्हता. वाऱ्याचा काटा मुकाट पडून होता. पायलटने कपाळ खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकवलं आणि काळ्या कडा मागे सरकण्याची वाट पाहिली. त्या थोड्या सरकल्या, पुरत्या नाहीत.

"डोळ्यात काहीतरी गेलं," तो म्हणाला. "बोल तू."

सिग्नलवाला बोलत गेला आणि अंधाऱ्या जिन्यात कठडा धरून उतरावं तसा पायलट त्या आवाजाला धरून भारा खाली आणत गेला. भारा लाकडी ओंडक्यांवर टेकला. साखळ्या सुटल्या. चौघांपैकी एकाने वर बघून अंगठा दाखवला.

पायलट हे त्याचं कामावरचं नाव. घरी त्याला कोणी पायलट म्हणत नाही. बायको 'अहो' म्हणते आणि रागावली की तेही म्हणत नाही. वय अठ्ठेचाळीस. सिग्नलवाला म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा आवाज असा की वॉकीटॉकी बंद पडली तरी काम अडू नये, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. या क्रेनवर पायलट वर बसतो आणि मेव्हणा खाली उभा राहतो. घरात पायलट मोठा, कामावर भोंगा सांगेल तसंच त्याने करायचं.

क्रेनवाला सकाळी शिडी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. मधला सगळा वेळ खुर्चीत. दुपारचा डबा पिशवीत घालून पातळ दोरीने वर ओढून घ्यायचा, जेवण झालं की रिकामी पिशवी त्याच दोरीने खाली सोडायची. जेवायला म्हणून उतरलं तर पुन्हा साठ मीटर चढणं आलं. याच कारणाने क्रेनवाले पाणीही पीत नाहीत. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, नाहीतर केबिनमध्ये रिकाम्या बाटलीचा आसरा घ्यावा लागतो, आणि त्याची पायलटला लाज वाटायची. संध्याकाळी खाली आला की तो आधी नळाला तोंड लावायचा, मग माणसांशी बोलायचा. एवढी वर्षं हे असंच चाललं होतं.

या वर्षांत खुर्चीने त्याला हळूहळू आपल्या मापाचं करून घेतलं. कमरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकत गेला. थंडी संपताना एका सकाळी तो शिडीच्या वरून दुसऱ्या टप्प्यावर बसला, तो बसलाच. शिडीत ठरावीक अंतरावर जाळीचा चौथरा असतो, दम खायला. त्यालाच टप्पा म्हणतात. खालून भोंग्याने विचारलं, तर तो म्हणाला, बुटाची नाडी बांधतोय.

बऱ्याच वेळाने भोंगा म्हणाला, "भाऊजी, किती नाड्या आहेत त्या बुटाला?"

त्याच आठवड्यात कळलं की इमारतीबरोबर क्रेनची उंचीही वाढवणार आहेत आणि त्याआधी प्रत्येक ऑपरेटरची शिडीवर चाचणी होणार आहे. सुरक्षा बघणाऱ्या तरुण मॅडम स्वतः मागोमाग चढणार. टप्प्यांवर थांबायला हरकत नाही, पण वर पोहोचल्यावर वॉकीटॉकीवर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलायचं. ज्याला बोलता येणार नाही, त्याने भिंतीलगतची मालाची लिफ्ट चालवायची. लिफ्ट चालवण्यात कमीपणा नाही. पण तिला बटणं असतात, दांड्या नसतात. आणि दोन टनांचा भारा अंड्यासारखा टेकवण्यापलीकडे पायलटला दुसरं काही येत नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं.

तो व्यायामाला लागला. आधी सकाळचं चालणं, मग राहत्या इमारतीचा जिना. चार मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहत. पहिल्या दिवशी तो दारावरून दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी दार उघडून विचारलं, "काय विसरलात?" तिसऱ्यांदा गेला तेव्हा विचारलं, "किल्ली सापडत नाहीये का?" त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि इतरांना सांगणं सुरू केलं. आठवडाभरात दोन शेजारणी पायलटच्या बायकोचं सांत्वन करून गेल्या.

"लोकांना वाटतंय मी तुम्हाला घराबाहेर काढलंय," ती म्हणाली. "निदान उतरताना तरी जरा हसत उतरा."

पण फरक पडला. पट्टा दोन भोकं मागे आला. शिडी तीच होती, तरी वरचा टप्पा जवळ आल्यासारखा वाटू लागला. आणि मग त्याला हाव सुटली. पोट रिकामं तर अंग हलकं, असं त्याच्या डोक्याने घेतलं. सकाळचं खाणं बंद झालं. जिना चढून घामाने निथळला तरी अर्धा कप चहाखेरीज घशाखाली काही उतरत नसे, कारण पाणी प्यायचं तर कामावर पुन्हा तीच पंचाईत. तसाच तो शिडी चढायचा आणि काचेच्या केबिनमध्ये उन्हात दिवस काढायचा. बायको डब्याबरोबर रोज पाण्याची भरलेली बाटली द्यायची. डबा रिकामा होऊन खाली यायचा, बाटली भरलेलीच यायची. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

भारा हवेत थांबला त्या दिवशीही एक वाजता पिशवी दोरीने खाली आली. भोंग्याने ती सोडवली, सवयीने बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि तोंडाला लावता लावता त्याचा हात थांबला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्याने मान वर करून केबिनकडे पाहिलं. मग झाकण पुन्हा लावलं आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"पायलट, हुक तपासायचा आहे. खाली या."

"सकाळीच तपासलाय."

"पुन्हा तपासायचा आहे. तुम्ही उतरेपर्यंत मी सिग्नल देणार नाही."

वॉकीटॉकी सगळी साइट ऐकत असते, त्यामुळे दोघांनाही यापुढे काही बोलता येईना. सिग्नलशिवाय भारा हलत नाही. पायलट उतरला. शिडीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या सावलीत भोंगा बाटली घेऊन उभा होता.

"सकाळी डोळ्यात काय गेलं होतं?"

"कचरा."

"साठ मीटरवर? वारा नसताना?" भोंग्याचा आवाज एरवी दोन गल्ल्या ओलांडतो, आत्ता तो शेजारच्यालाही ऐकू गेला नसता. "भाऊजी, रोज हे पाणी मी पितोय. फुकट कशाला घालवायचं म्हणून. तुम्ही वर कोरडे बसलाय हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही."

"कोणता क्रेनवाला पितो रे पाणी?"

"कोणता क्रेनवाला उपाशी पोटी सकाळी जिने चढतो?"

पायलटने बुटाच्या टोकाने खडी सरकवली.

"तुम्ही मॅडमना सांगता की मी सांगू?"

"आठ दिवसांवर टेस्ट आलीये. आत्ता सांगितलं तर मला परत वर जाऊ देतील का?"

"ते चौघं भाऱ्याखाली उभे होते. त्यांना टेस्टचं काय सांगू?"

"माझ्या बायकोचा भाऊ ना तू?"

"ते घरी. इथे माझ्या शब्दावर ते लोक खाली उभे राहतात." भोंग्याने बाटली पुढे केली. "आणि तुमच्या हातावर."

पायलटने बाटली घेतली, पण प्यायला नाही. ती तशीच हातात धरून तो मॅडमच्या कंटेनरमधल्या ऑफिसपर्यंत गेला. वाटेत दोनदा वाटलं, वळावं. दारात उभं राहून त्याने तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून घेतलं, त्याला खुर्चीत बसवलं, बाटली अर्धी रिकामी होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आजपासून वर जायचं नाही. आधी डॉक्टर, मग चाचणी. चाचणीची तारीख तीच राहील."

डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठीक होतं. "व्यायाम अजिबात सोडू नका," ते म्हणाले. "पण पाण्याशिवाय आणि उपाशी हा जो उद्योग चाललाय, त्याला व्यायाम म्हणू नका."

तो आठवडा पायलटने खाली साखळ्या पुसण्यात काढला. केबिनमध्ये बदली ऑपरेटर होता. त्याने भारा टेकवला की दाणकन आवाज व्हायचा आणि पायलटचे खांदे आपोआप वर जायचे. घरी बायकोने तीन दिवस 'अहो' म्हटलं नाही. पाण्याची बाटली मात्र ती रोज त्याच्या पुढ्यात आदळायची आणि तो ती संपवेपर्यंत समोर उभी राहायची. सकाळी आता आधी पोटात काहीतरी जायचं, केळं किंवा उकडलेलं अंडं, मग जिना. वेग कमी केला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दाराबाहेर एक स्टूल आणून ठेवलं. "भांडण मिटेपर्यंत असू दे," त्या म्हणाल्या.

चाचणी सकाळी सातला होती. पायलट पुढे, मॅडम मागे, दोघांच्या कमरेला सुरक्षेचे पट्टे. पहिले टप्पे त्याने बरे घेतले. मधल्या टप्प्यावर थांबावंसं वाटलं, पण मागे मॅडम होत्या, म्हणून थांबला नाही. तिथून पुढे डावी पोटरी ओढ घेऊ लागली. हात घामेजले. वरून दुसऱ्या टप्प्याच्या खाली तो पोहोचला तेव्हा कानात ठोके पडत होते. नाडीची बतावणी त्याने याच जाळीवर केली होती. आता जेमतेम दोन टप्पे उरले होते. एका दमात गेलं तर जमलंही असतं. किंवा पुन्हा कडा काळ्या पडल्या असत्या, आणि या वेळी अंगाखाली खुर्ची नव्हती, नुसती शिडी होती.

तो जाळीवर चढला आणि खाली बसला.

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पायलटने पाठीवरच्या पिशवीतून बाटली काढली. एवढ्या वर्षांत शिडीवर तो कधीच पाणी प्यायला नव्हता, कोणासमोर तर नाहीच. तो प्यायला. एकदा थांबून परत प्यायला. कानातले ठोके उतरले तसा उठला.

केबिनचं दार उघडून त्याने वॉकीटॉकी उचलली. मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"बोला."

खालून भोंगा म्हणाला, "कोण आहे वर?"

पायलटने बटण दाबलं. "भोंग्या, या बुटाला एकच नाडी आहे आणि ती खालूनच..." श्वास मधेच तुटला. "...बांधून आणलीये."

वॉकीटॉकीवर कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"थोडं थांबा. मग परत बोला. पूर्ण."

पायलटने काचेतून खाली पाहिलं. स्लॅबवर पिवळी हेल्मेटं जमू लागली होती. एक, मग आणखी दोन. भोंगा वर बघत उभा होता. पायलटने मान ताठ केली.

"भोंग्या, या बुटाला एकच नाडी आहे आणि ती खालूनच बांधून आणलीये."

सबंध वाक्य आलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पट्टीत. मॅडमनी आणखी काही क्षण ठोके पाहिले आणि हात सोडला.

"चालवा," त्या म्हणाल्या. "पण दुपारी खाली उतरून जेवायचं. पाणी प्यायचं, जायचं तिथे जायचं, परत चढायचं. रोज. क्रेन वाढवली की मी पुन्हा तुमच्या मागे चढणार आहे."

"म्हणजे दिवसातून दोनदा चढायचं?"

"जमत नसेल तर आत्ताच सांगा."

पायलट खुर्चीत बसला. दांड्यांवर हात ठेवले. बोटं जिथल्या तिथे होती. त्या दिवसाचा पहिला भारा टेकला तेव्हा आवाज झाला नाही. साडेबाराला त्याने केबिनच्या कठड्याला बांधलेली डब्याची दोरी सोडली, गुंडाळी करून खांद्यावर टाकली आणि शिडीने खाली उतरला. भोंग्याने काही न विचारता ती घेतली.

दोरी आता भोंग्याच्या हत्यारांच्या पेटीत आहे. उद्या साडेबाराला डबा वर जाणार नाही. तो शिडीच्या पायथ्याशी पत्र्याखाली ठेवलेला असेल आणि शेजारी दोन बाटल्या असतील, कारण उद्यापासून भोंगा स्वतःचं पाणी घरून आणणार आहे.