हात लागला की पडणारा ब्रेकर

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी वीजसुरक्षेच्या तपासणीला गेले होते. माझा क्रम ठरलेला असतो: आधी बोर्ड, मग अर्थिंग, मग एकेक मशीन आणि चहा शेवटी. मालकांनी चहा आधीच मागवला आणि कपाबरोबर तपासणीचा दाखलाही पुढे सरकवला. सगळा टाइप केलेला, फक्त सही राहिलेली.

"पाहिल्याशिवाय सही नाही," मी म्हटलं.

"आधीचे साहेब ऑफिसात बसूनच द्यायचे की."

मी उठले आणि बोर्ड उघडला. वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारा ब्रेकर जागेवर होता, पण त्याला वळसा घालून वायर सरळ पुढे जोडलेली. याला आमच्या धंद्यात 'डायरेक्ट करणं' म्हणतात. पंखा लावला म्हणावं तितक्या सहज म्हणतात.

"ब्रेकर खराब हाय मॅडम," कारखान्याचा वायरमन म्हणाला. "सारखा पडायचा. तो पडला की सगळे माग बंद."

"कधी पडायचा?"

त्यानं कोपऱ्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईंकडे बोट केलं. "ह्या मावशींचा हात मशीनला लागला की. करंट मशीनला न्हाय, मावशींनाच हाय!"

शेजारचे माग चालवणारे दोघे हसले. मावशीही हसल्या. "व्हय की! घरात पण समदे भितात मला."

मला हसू आलं नाही. सूत तुटू नये म्हणून उन्हाळ्यात इथं जमिनीवर पाणी मारतात. त्या ओल्या जमिनीवर मावशी एका लाकडी फळीवर उभ्या होत्या आणि मशीनच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली होती. मी सांगाड्याला टेस्टर लावला. लख्ख पेटला. मोटरमधली वीज सांगाड्यात उतरत होती आणि अर्थिंगची तार तुटून लोंबत होती. म्हणजे मावशींनी हात लावला की वीज त्यांच्या अंगातून जमिनीत जायची आणि ब्रेकर तेवढ्यात ती तोडायचा. तो खराब नव्हता. दर वेळी त्यानं या बाईंचा जीव वाचवला होता. आणि या लोकांनी त्यालाच बाजूला काढून बाईंना फळी दिली होती.

मी मशीन बंद करायला लावलं.

"मशीन बंद तर माझी हजेरी?" मावशींचा पहिला प्रश्न. तो मी मालकांकडे वळवला. ते म्हणाले, "हजेरी देतो हो. पण सही तर करा. दुरुस्ती उद्या करतो."

"आणि आज यांचा पाय फळीवरून घसरला तर?"

मालकांनी आधीच्या साहेबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. हे साहेब कॉलेजात मला सीनियर. मी सगळं सांगितलं.

"अगं, सगळीकडं असंच असतं," ते म्हणाले. "अर्धं सोलापूर बंद करणार हायस का?"

"सर, इथला दाखला तुम्ही मशीन न बघता दिलात?"

"कुठं कुठं जाणार गं? विश्वासावर चालतं."

"मग आत्ता या. चप्पल काढा, फळी बाजूला करा आणि मशीनला हात लावा. मी थांबते."

फोन बंद झाला.

मी सही केली नाही. वायरमनच्या शेजारी उभं राहून त्याच्याकडून अर्थिंग नवं टाकून घेतलं, डायरेक्ट वायर काढायला लावली आणि मोटर दुरुस्तीला पाठवली. मावशींना तेवढ्यापुरतं दुसरं मशीन मिळालं. इथवर ठीक झालं.

पण आम्हाला तपासणीचा परवाना देणाऱ्या कार्यालयात मी सरांविरुद्ध लेखी तक्रार दिली, तेव्हा आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. "आपल्यातल्याच माणसाच्या पोटावर कशाला पाय देता?" मावशी मेल्या असत्या तर याच लोकांनी 'ओल्या हातानं स्विच लावला असेल' असं म्हटलं असतं, आणि सरांच्या सहीचा दाखला फाइलीतून काढून दाखवला असता. बघितल्याशिवाय केलेली सही म्हणजे आळस, अशी यांची समजूत. माझ्या लेखी ती मावशींच्या जिवावर केलेली सही आहे. चहाच्या निमित्तानं हे लोक मला दोनदा समजवायला आले. तक्रार मी मागे घेतलेली नाही.