घंटेआधी पडलेला पडदा

फौजेतून निवृत्त झालेले हवालदारकाका नाट्यगृहात पडद्याच्या दोरीपाशी उभे राहू लागले, त्याला बरीच वर्षं झाली. व्यवस्थापकाची घंटा झाल्याशिवाय त्यांनी कधी दोरी सोडली नाही. जो सोडेल त्याने पुन्हा दोरीला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच. दोरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

सध्या नाटक चाललं होतं एका स्वप्नाळू तरुण सरदाराचं. तो हुकमाआधीच हल्ला चढवतो, लढाई जिंकतो, आणि तरी त्याला मृत्युदंड सुनावला जातो.

"बरोबरच आहे," काका म्हणायचे. "जिंकला म्हणून काय झालं?"

त्या दिवशी शेवटच्या प्रवेशात सरदाराला माफी मिळाली, डोळ्यांवरची पट्टी सुटली, आणि तो झोपेतून उठलेल्या लेकरासारखा हसला. आता सेनापतीचं शिस्तीवरचं लांबलचक भाषण व्हायचं होतं. काकांनी त्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरी सोडून दिली.

घंटेआधीच पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सेनापती मात्र आत येऊन फणफणला, "काका, माझं भाषण गिळलंत की हो!"

व्यवस्थापक हसला. "राहू दे. लोक खूश आहेत. काका, उद्याही असंच करा."

"नाही साहेब. हुकूम मोडलाय मी. मला दोरीवरून काढा."

किती समजावलं, पण काका हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाट्यगृहाच्या सुतारमामांच्या हाती दोरी दिली आणि बजावलं, "घंटेशिवाय सोडायची नाही. आणि मामा, त्या पोराच्या तोंडाकडे तर मुळीच बघायचं नाही."