तहानलेला अमेरिकन घोडा

रत्नागिरीत तंबूत अमेरिकेचा मूकपट लागला होता. मी गेलो तो पालीच्या एका गाडीवानाबरोबर. त्याचं नाव कधी विचारलं नाही, पण त्याच्याच बैलगाडीने मला घरी परतायचं होतं.

पडद्यावर नायक घोडा पिटाळत दरोडेखोरांच्या मागे लागला. सगळा तंबू शिट्ट्या मारत होता, आणि हा गाडीवान मांडीवर चाबूक आडवा धरून चुकचुकत होता. "अरे मेल्यांनो, त्या घोड्याला वायच पाणी दाखवा!"

शेवटी नायकाने नायिकेचा सगळ्यांदेखत मुका घेतला. लोकांनी लाजून माना खाली घातल्या. ह्याची नजर मात्र मागे उभ्या असलेल्या घोड्यावर. "त्याच्या तोंडाला फेस आलाय, आणि ह्यांना हे सुचतंय!"

परतताना विहिरीपाशी त्याने गाडी सोडली. बैल सावकाश पाणी पिऊ लागले. मी भुकेने कासावीस झालो होतो. "अहो, हाका आता."

त्याने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. "घाई असेल तर अमेरिकेत जावा."

पुढे अमेरिकेने फार प्रगती केली, असं ऐकतो. त्या घोड्याला कुणी पाणी पाजलं का, ते मात्र अजून कळलेलं नाही.