अठरा दातांची सायकल

“दात मोजू नका, चढ मोजा,” असं फ्लोर्यान मकूत्स एकदा माझ्या दारात म्हणाला होता.

राजधानीतून आलेल्या कुणा पाहुण्याने त्याची सायकल उलटी करून मागच्या चकतीचे दात मोजायला घेतले होते. एवढ्या डोंगरात माणसं एकाच गिअरवर कशी चढतात, हे त्याला बघायचं होतं. फ्लोर्यानने सायकल त्याच्या हातातून काढून घेतली, सरळ उभी केली आणि हे वाक्य बोलला. आम्ही हसलो. फ्लोर्यान एवढं लांब वाक्य वर्षातून एकदाच बोलतो, म्हणून.

फ्लोर्यान आपल्या शेडमध्ये सायकली जुळवून देतो. त्या सायकलींना पुढे एक चकती असते, मागे एक, आणि मधे साखळी. किती दातांची चकती हवी ते घरीच ठरवायचं. चढावर विचार बदलता येत नाही. बसून जमलं नाही तर उभं राहायचं, उभं राहूनही नाही तर उतरून ढकलायचं. गिऱ्हाईक आलं की तो त्याला आधी शेडमागच्या उभ्या पायवाटेने चालत वर पाठवतो आणि खाली उभा राहून त्याच्या टाचा बघतो. मग फळीवरून चकती उचलतो. मागचं चाक खाचेत मागेपुढे सरकवून साखळी ताणतो, पेडल सावकाश फिरवत तिची सगळ्यात घट्ट जागा शोधतो आणि तिथे बोटाने दाबून बघतो. या सगळ्यात तो काही बोलत नाही. त्याच्या घरात खुर्ची एकच आहे, असं रादो चेष्टेने सांगायचा. मी गेले तेव्हा पाहिलं, खरंच एकच होती.

रादो आमच्या खोऱ्याचा पोस्टमन, आता निवृत्त. त्याची सायकल अठरा दातांची, फ्लोर्यानचीही अठरा. हे मुद्दाम केलेलं. अशा सायकलींवर ज्याचे दात वेगळे तो तुमच्याबरोबर राहू शकत नाही. एक तर पुढे जातो, नाहीतर मागे पडतो. दात सारखे असले तरच माणसं शेजारी राहतात. ही दोघं एकतीस वर्षं शेजारी होती.

रविवारी खाली चर्चची नऊची घंटा झाली की ते पुलावरून निघायचे. घंटा मला इथे खिंडीत, माझ्या खानावळीत ऐकू येते. ती ऐकली की मी योता, आमच्याकडचं दाट सूप, चुलीवर ठेवायची. आंबवलेला कोबी, घेवडा, बटाटा, हाडाचा तुकडा. पन्नास मिनिटांत तो शिजून तयार व्हायचा आणि पन्नास मिनिटांतच सरपणाच्या ढिगाला दोन सायकली टेकायच्या.

मग चारेक वर्षांपूर्वीपासून योता त्यांच्याआधी तयार व्हायला लागला. आधी दोन-तीन मिनिटं, पुढच्या वर्षी पाच. शेवटी शेवटी तो भांड्याच्या तळाला लागायचा.

“काय पोस्टमन, पत्र वाटत वाटत आलास का?” मी चिडवायची.

“तुझी चूलच माजलीय, झोफ्का.” पण मग तो फ्लोर्यानकडे वळायचा. “अठराच दात, तोच रस्ता, शेजारी तेच गाढव. मग उशीर कुणामुळे होतोय? माझ्यामुळे. डॉक्टर म्हणतो, तुझं काळीज बैलाचं आहे. मग बैलाला खिंड का झेपत नाही?”

फ्लोर्यान पावाने वाटी पुसत राहायचा.

या सप्टेंबरात रादोने मोटर बसवलेली सायकल घेतली. पहिल्या रविवारी तो पंचवीस मिनिटांत वर आला. घेवडा अजून कच्चा होता. फ्लोर्यान दहा वाजता आला, एकटा. सरपणाच्या ढिगाला सायकल टेकवून शेजारच्या मोकळ्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिला.

“या राजे,” रादो आतून ओरडला, “तुमची वाट बघून केस पिकले!”

पुढच्या आठवड्यात रादोने जुनी सायकल गाडीतून माझ्याकडे आणून टाकली. भिंतीवर लाव म्हणाला, आणि खाली फळी रंगव: रादो, एकतीस वर्षं, अठरा दात. मी ती टांगली आणि ग्रीस पुसायला घेतलं. पुसता पुसता मागच्या चकतीभोवती बोट फिरत होतं, तसे दात सहज मोजले गेले. बावीस. मग एका दाताला खडूची खूण करून पुन्हा मोजले. तरी बावीस.

माझ्या मनात काहीच नव्हतं. मला फक्त फळी रंगवायची होती. रविवारी दोघं समोर बसल्यावर मी म्हणाले, “रादो, अठरा लिहायचं म्हणालास, पण हे तर बावीस आहेत.”

“चष्मा लाव, बाई.”

तो उठला आणि त्याने स्वतः मोजले. मग बाहेर जाऊन फ्लोर्यानच्या सायकलपाशी वाकला. परत आला तेव्हा हात काळे होते.

“तुझेही बावीस.”

“दर हिवाळ्यात एक,” फ्लोर्यान म्हणाला. “बर्फात दोन्ही सायकली माझ्याकडे असतात. साखळी नवी घालायची, चकती एका दाताने मोठी. वसंतात पाय तसेही परकेच वाटतात, फरक कळत नाही.”

“का पण?”

“तुझे गुडघे. चढ जड गेला तर यायचा थांबशील, असं वाटलं.”

रादो आधी हसला. “अरे मूर्खा, चढ सोपा केलास म्हणून तर उशीर व्हायला लागला! पाय तेवढेच मारायचे आणि रस्ता कमी कापायचा. तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं.”

“आणि मी डॉक्टरकडे गेलो. घराचे कागद मुलीच्या नावावर केले. मी आता संपलो असं बायकोला सांगितलं. आणि तू इथे समोर बसून पाव खात होतास.” तो ओरडत नव्हता. “पाय माझे होते, फ्लोरे. म्हातारं कधी व्हायचं ते मला ठरवू द्यायचंस.”

मी मधे तोंड घातलं. “मग काढा ना बावीस. दोघांना अठरा बसवा आणि या पूर्वीसारखे.”

“नको,” रादो म्हणाला. “मोटरची सवय झालीय. आणि एक सांगू? ती काही लपवत नाही. किती उरलंय ते आकड्यात दाखवते.”

फ्लोर्यानची वाटी भरलेलीच होती. तो उठला, भिंतीपाशी गेला. टांगलेल्या सायकलचं पेडल हाताने सावकाश फिरवलं, साखळीची घट्ट जागा आली तिथे थांबवलं आणि बोटाने दाबून पाहिली. ताण बरोबर होता. त्याने बोट विजारीला पुसलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर निघून गेला.