तार जिथपर्यंत गेली तिथपर्यंत

खोतमामांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी आमचं केबल कनेक्शन बंद करायला गेले तेव्हा. घरी टीव्ही कुणी बघेनासं झालं होतं. बाबा बातम्या मोबाईलवर बघायचे, आई मालिका मोबाईलवर, आणि मी तर सगळंच. मला वाटलं होतं ऑफिसात कुणीतरी रागावेल, दोन महिने थांबा म्हणेल. समोर श्री. महिपती खोत, म्हणजे सगळ्या मिरजेचे खोतमामा, स्वतः बसले होते. त्यांनी वहीत आमच्या नावावर रेघ मारली आणि म्हणाले, "बरं. आता काय बघता तुमी, ते दाव की मला."

मी अर्धा तास फोन दाखवत बसले. हा व्हिडिओ कुणी केला? मधे जाहिरात आली ती कुणी लावली? तिचे पैसे ह्या गाणाऱ्याला मिळतात का? मी तेव्हा मीडियाचा कोर्स करत होते आणि यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला आलं नाही. मी उठल्यावर मामा म्हणाले, "उद्या परत ये. उत्तरं घेऊन ये." मी गेले, आणि अजून जातेय. आता मामा पंचाहत्तर वर्षांचे होतायत. मी इंग्रजी शाळेत शिकले, गौरवलेखात शोभतील असे भारी शब्द माझ्याकडे नाहीत. जे बघितलं तेवढं सांगते.

मामांनी मिरजेत केबल आणली तेव्हा गच्चीवरून गच्चीवर तार त्यांनी स्वतः ओढली. रोज संध्याकाळी त्यांचं स्वतःचं लोकल चॅनल लागायचं. त्यावर वाढदिवस असत, श्रद्धांजल्या असत, कधी सतारमेकर गल्लीतला एखादा कारागीर भोपळा कसा निवडायचा ते सांगत बसलेला असे. आणि मामा खांद्यावर कॅमेरा घेऊन जतपासून वाईपर्यंत जत्रा, भजनं, धनगरांचं गजनृत्य शूट करून आणत. त्या टेपांनी ऑफिसातली दोन लोखंडी कपाटं भरली आहेत. पुढं डिश आली, मग स्वस्त नेट आलं आणि गिऱ्हाइकं गळाली. मामांच्या तोंडून त्याबद्दल रडगाणं मी एकदाही ऐकलं नाही. उलट एक गोष्ट ते स्वतःहून सांगतात. सुरुवातीला रविवारी दुपारी ते नवा सिनेमा कॅसेटवरून लावायचे, कुणाला न विचारता. सगळेच लावायचे. गावातल्या टॉकीजचे मालक त्यांचे शाळेतले दोस्त. एक दिवस त्या मालकांनी नमस्कार करायचं सोडलं. मामांनी त्या रविवारपासून सिनेमा बंद केला. "टॉकीज पुढं बंदच पडलं," ते म्हणतात, "पर त्यात थोडा हात माझाबी हाय." हे ते कुणी विचारलं नसताना सांगतात, म्हणून मला ते जास्त मोठे वाटतात.

त्या टेपा इंटरनेटवर टाकायची आयडिया माझी. मी सहा महिने बसून टेपांचे व्हिडिओ केले आणि आमचं चॅनल सुरू झालं. व्ह्यूज बघून मी हवेत होते. मग एका कंपनीचा मेल आला. तुमचा ऑडिओ आमच्याकडे नोंदवा, दुसरा कुणी वापरला तर आमचं मशीन शोधेल आणि त्याचं उत्पन्न तुम्हाला मिळेल. फॉर्मवर एक चौकोन होता: या आवाजाचे सगळे हक्क माझे आहेत. मी टिक केलं. कॅमेरा आपला, टेप आपली, मग हक्क आपलाच, असं मला खरंच वाटत होतं. मामांना मी "नोंदणी केली" एवढंच सांगितलं.

तीन आठवड्यांनी जतहून फोन आला. फोनवर रत्नावहिनी होत्या. जत तालुक्यातले मायाप्पा आण्णा म्हणजे धनगरी ओव्या गाणारे आणि गज्यांचा, म्हणजे गजनृत्य करणाऱ्यांचा, ताफा चालवणारे. वहिनी त्यांच्या सूनबाई. घरातलं मोबाईलवरचं चॅनल त्याच चालवतात, आणि ते बघूनच ताफ्याला जत्रांच्या सुपाऱ्या येतात.

"मिरजेचं केबलवालं का?" त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्याचा आवाज तुमचा झालाय म्हणं. अभिनंदन. आता त्यास्नी जेवायला बी तुमीच घाला."

मला आधी कळेचना. मग कळलं. मामा शूटिंग झालं की प्रत्येक ताफ्याला टेपेची एक कॉपी देत. वहिनींनी त्याच कॉपीवरून ओव्या चॅनलवर टाकल्या होत्या. कंपनीच्या मशीननं आवाज जुळवला आणि वहिनींच्याच चॅनलला चोरीच्या दोन नोटिसा धाडल्या. तिसरी आली असती तर चॅनल कायमचं गेलं असतं. आणि जत्रांचा हंगाम महिन्यावर आला होता.

मी मामांना सगळं सांगितलं, टिक केल्याचंसुद्धा. वाटलं, आता टेपांच्या कपाटाची माझ्याकडची किल्ली परत मागतील. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "सकाळची जत गाडी किती वाजता हाय बघ." मी म्हटलं, मामा, तुमचा गुडघा, आपण फोन करू. ते म्हणाले, "चूक फोनवर केली का? न्हाई ना. मग माफी कशाला फोनवर?"

एस.टी.त मामांनी मला खिडकीची जागा दिली. कवठेमहांकाळच्या पुढं रान कोरडं होत गेलं, टँकर दिसायला लागले. मी मनात भाषण जुळवत होते. ते काही उपयोगाला आलं नाही.

मायाप्पा आण्णा ओट्यावर बसले होते. वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "प्या. ह्याच्यावर अजून कुणाचा हक्क न्हाई."

"आमच्याकडनं चूक झाली," मामा म्हणाले. "ती निस्तरायला आलोय."

आमच्याकडनं. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग मला राहवलं नाही. टिक मी केलं होतं, मामांना ठाऊकही नव्हतं, असं मी सांगून टाकलं. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. "शिकलेली दिसतीस," एवढंच म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आण्णांना खोतमामांची बाजू घ्यायची होती. ते म्हणाले, "आवं, तुमी तवा आमास्नी इचारलं व्हतं की. मी व्हय म्हटलं व्हतं. पोरीचं ऱ्हाऊ द्या, ल्हान हाय."

इथं कुणीही मान हलवून मोकळा झाला असता. मी तर मनात हलवलीही होती. मामा म्हणाले, "आण्णा, मी तवा काय इचारलं व्हतं? मिरजेत केबलला लावू का, असं. माझी तार जिथपर्यंत गेली तिथपर्यंतच तुमी व्हय म्हटलेलं. हे मोबाईलचं मी तुमास्नी इचारलंच न्हाई. म्हंजे पोरीच्या आधी मीच चुकलो."

आण्णा हसले. "तार गेली आन् तुमी अजून तारंचंच बोलताय गड्या."

"तार गेली, शबुद कुठं गेलाय?" मामा म्हणाले.

त्याच संध्याकाळी मिरजेला आल्या आल्या मामांनी मला आमचं अख्खं चॅनल रिकामं करायला सांगितलं. फक्त जतचे नाहीत, सगळे व्हिडिओ. मी भांडले. सहा महिन्यांचं काम आहे, म्हटलं, नेटवर परवानगीचं एवढं कुणी बघत नाही, मोठमोठ्या कंपन्या लोकांचं उचलून लावतात, आपण कुणाचं काय घोडं मारलंय? मामांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या कंपन्यांला मी वळखत न्हाई," ते म्हणाले. "ह्या माणसांला वळखतो. एकेकाला इचारू. व्हय म्हणतील तसं परत लाव." मी रडत रडत एकेक व्हिडिओ उतरवला. ते शेजारी खुर्ची घेऊन शेवटपर्यंत बसले होते.

कंपनीशी झगडा वेगळाच. नोंदणी रद्द करा म्हटलं तर त्यांचं उत्तर यायचं, कराराची मुदत संपेपर्यंत होणार नाही. मी रोज इंग्रजीत मेल लिहायची. मामा रोज विचारायचे, "आलं का काय?" मी नाही म्हणायची. "मग उद्याचं आजच लिवून ठेव." शेवटी मामांनी सांगितलं तसं लिहिलं, की हा हक्क माझा कधी नव्हताच, मी खोटं लिहून दिलं होतं, आणि हे मी कुणापुढंही सांगायला तयार आहे. चौथ्या दिवशी नोंदणी रद्द झाली. दोन्ही नोटिसा मागे घेतल्या गेल्या. जत्रेच्या आठ दिवस आधी वहिनींचा मेसेज आला: ताफ्याला तीन गावांची सुपारी लागली. खाली लिहिलं होतं, "मामांला सांग. तुलाबी सांगितलं समज."

आता आण्णांच्या सगळ्या ओव्या आण्णांच्याच चॅनलवर आहेत. मूळ टेपा मामांनी त्यांच्या घरी नेऊन दिल्या. आमचं चॅनल लहान झालंय आणि ते तसंच वाढणार, एकेका होकारानं. नकारही येतात. वाईच्या घाटावरच्या उत्सवात पंचवीसेक वर्षांपूर्वी गायलेल्या एक बाई आता तिथंच शाळेत शिकवतात. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या मोबाईलवर आपलंच गाणं ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "नको. ते दिवस माझे मलाच राहू देत." मला समजवायचा मोह झाला. मामांनी टेप त्यांच्या हातात दिली, नमस्कार केला आणि उठले. परतीच्या गाडीत मी म्हटलं, काय सुंदर गायल्यात हो. मामा म्हणाले, "व्हय. लय सुंदर."

माझ्या वयाची मुलं मला विचारतात, व्हिडिओच्या धंद्यात पुढं काय चालणार? मी त्यांना मामांकडं घेऊन जाते. मामा त्यांना पहिलं विचारतात, "ह्या व्हिडिओत कोण हाय, आन् त्याला इचारलंस का?" निम्मी मुलं परत येत नाहीत. उरलेल्यांपैकी दोघी आता आमच्याबरोबर गावोगाव येतात.

एक कपाट संपलंय, एक बाकी आहे. बहुतेक टेपांवर नुसती तारीख आहे. मी पडद्यावर चेहरा थांबवते आणि मामा चष्मा पुसून सांगतात: हा आटपाडीचा, ह्याची बहीण तासगावला दिली, ही म्हातारी आता नसंल पण लेक असंल, जाऊन बघू. हे कुठल्या मशीनला येत नाही आणि मला तर येतच नाही. म्हणून मामा, पंचाहत्तरीला मी तुमच्यासाठी जे मागते त्यात माझा स्वार्थ आहे. तुमची नजर अशीच राहू दे. गुडघा एस.टी.च्या पायऱ्या चढण्याइतका धड राहू दे. दुसरं कपाट रिकामं होईपर्यंत, आणि त्यानंतर घरी निवांत बसून दुसऱ्यांनी केलेलं काहीतरी बघायला पुष्कळ वर्षं उरतील एवढं आयुष्य तुम्हाला मिळू दे. मंगळवारी तासगावला जायचंय. सकाळची गाडी मी बघून ठेवली आहे.