हळदीकुंकवाचं बिल

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडे बिल मागणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. तो सुटाबुटातला होता, त्याच्या अंगाला महागड्या अत्तराचा वास येत होता, आणि आपण काही वावगं करतोय असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही. त्याच्या दुकानात मी नोकरीला होते. म्हणून त्याच्यावर जेवढी चिडते तेवढीच स्वतःवरही चिडते.

आम्ही सुरतेत, गोडादऱ्यात राहायचो. गल्लीतली निम्मी घरं खानदेशातून आलेली. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, दिवसपाळी-रातपाळी. बायका घरी धागा कापायच्या. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने साफ करायचे, घडी घालायची, गठ्ठा परत पाठवायचा. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या हाताखालून हजारो साड्या गेल्या असतील. पण ज्या दुकानांत त्या साड्या पुढे काचेआड लागायच्या, तिथे पाय ठेवायची सोय कुणाला नव्हती.

बारावीनंतर मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि उधन्याच्या मुख्य रस्त्यावरच्या एका साडीच्या शोरूममध्ये लागले. थंडगार हवा, काचेचा दरवाजा, दरवाज्यात भालदार-चोपदारासारखा पोशाख केलेला वॉचमन. मोठे शेठ गादीवर बसायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. खरा कारभार त्यांच्या मुलाचा, छोट्या शेठचा. तो कुठूनतरी मार्केटिंग शिकून आला होता आणि रोज नवं काहीतरी काढायचा. दर्शनी काचेत त्याने मोठा टीव्ही ठेवला, वर कॅमेरा लावला. रस्त्यावरून जाणाऱ्याला टीव्हीत स्वतःचंच चित्र दिसायचं. लोक थांबायचे, भांग सारखा करायचे, हसायचे, आणि त्यातले काही आत यायचे. हे मात्र मलाही आवडायचं. पहिल्या दिवशी मीच दोनदा जाऊन स्वतःला बघून आले होते.

माझं काम होतं गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि वाढदिवस कॉम्प्युटरमध्ये भरायचं. वाढदिवसाला दुकानाकडून शुभेच्छांचं कार्ड जाणार, कार्डावर सवलत असणार. छोटे शेठ म्हणाले, तुझ्या भागातल्या बायकांचीही यादी आण, आज नाही तर उद्या त्या गिऱ्हाईक होतील. मी उत्साहाने वही घेऊन गल्लीत फिरले. वाढदिवस विचारला की बायका हसायच्या. कुणी म्हणे आखाजीच्या सणाच्या आसपास, कुणी म्हणे माझ्या जन्माच्या साली विहीर आटली होती. शाळेचे मास्तर जे करायचे तेच मी केलं, सगळ्यांना एक जून लावून टाकला. पुढे एक जूनला पोस्टमनने आमच्या गल्लीत घरटी एक गुलाबाचं कार्ड टाकलं. मजकूर इंग्रजीत होता. बायकांना वाटलं, कोर्टाची नोटीस आहे.

पण ते नंतरचं. संक्रांतीच्या आधी छोट्या शेठच्या डोक्यात आलं की मराठी बायकांना खेचायचं तर हळदीकुंकू ठेवावं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दुकानात हळदीकुंकू, वर वाण म्हणून स्टीलची वाटी. आमंत्रण रिक्षावरच्या भोंग्यातून द्यायचं, आणि तेही ‘तुम्हारी उस गाँव की बोली में’. बाईचा आवाज हवा होता. मी पटकन बोलून गेले, माझी आई आहे ना.

आईचं नाव सुचणं साहजिक होतं. गल्लीतल्या कुठल्याही लग्नाचं, बारशाचं बोलावणं करायचं तर बायका आईला पुढे करायच्या. तिचा आवाज खणखणीत, आणि बोलावणं असं की आजारी बाईसुद्धा उठून यावी. ती कुणाला “या बरं का” म्हणाली की त्या घरून आलेल्याकडे जातीने बघायची, जेवला का, मानपान मिळाला का, सगळं. घर दुसऱ्याचं असलं तरी बोलावणं आपलं, असं ती मानायची.

मागच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये तिला स्टुलावर बसवून कॅसेट भरली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं. छोटे शेठ तिला म्हणाले, “मौसीजी, जैसे घर में बुलाते हो, बिलकुल वैसे ही बोलना.” आईने आधी मला विचारलं, मग त्यांनाच विचारलं, “वाण बठ्ठासले देसात का?”

मी भाषांतर केलं. ते म्हणाले, “सबको, मौसीजी. सबको मिलेगा.”

मग आई बोलली. एका दमात, कागद न बघता. “माय-बहिनीस्वन, संक्रांतनं हळदीकुंकू शे. आपलंच घर समजीसन या. बठ्ठ्याजनी या. रिकामा हाते कोनीच जावाव नही, हाई मनी जबान शे.”

छोट्या शेठने टाळ्या वाजवल्या. शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं, आईने आपल्या मनाने घातलं होतं. या कामाबद्दल तिला एक साडी मिळाली, गर्द जांभळी, जरीच्या बुट्ट्यांची. आईने ती घरी नेऊन देवापुढे ठेवली. दुकानातून घडी न मोडता आलेली, जिचे धागे आपण कापलेले नाहीत अशी ती तिची पहिलीच साडी असावी.

पत्रकंही छापली होती, गुजरातीत. त्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होता. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की वाण खरेदीच्या बिलावर मिळेल. मला गुजराती वाचता येत होतं. मी वाचलं नाही. याला मी आजही सबब शोधलेली नाही.

पहिल्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीतल्या बायका आल्या. वीस-पंचवीस तरी असतील. सगळ्यांत पुढे शेजारची मावशी, आईची जिवाची मैत्रीण; दोघी एकाच वर्षी सुरतेत आलेल्या, आणि आमच्या घरात साखर संपली की वाटी तिच्याकडे जायची. मावशीने लग्नातला शालू नेसला होता. पेटीत राहून त्याच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. हातात तिळगुळाचा डबा, कारण बोलावणाऱ्याच्या घरी तिळगूळ न्यायचा असतो. त्या चालत आल्या होत्या, आपण सणाला निघालो आहोत अशा.

आई आत खुर्चीवर बसली होती. दुकानाने तिला नवा चकचकीत करंडा दिला होता, पण तिने घरून स्वतःचा जुना पितळी करंडाही आणला होता. मी कॉम्प्युटरपाशी. काचेपलीकडे वॉचमनने हात आडवा केला. “बहेन, पहेला बिल बतावो.”

मावशीला वाटलं, आमंत्रणाची पत्रिका मागतोय. तिने हसून सांगितलं, मना मैत्रीणनं बलावनं शे. मागच्या बायका पुढे सरकल्या. वॉचमनने आवाज चढवला. तेवढ्यात छोटे शेठ बाहेर गेले आणि हात जोडून, अगदी गोड आवाजात समजावू लागले, की आधी आत जाऊन पाचशेची खरेदी करा, बिल दाखवा, मग कुंकू आणि वाटी. पाचशे! धागा कापून पाचशे उभे करायला किती दिवस आणि किती रात्री लागतात, हे त्या माणसाला कुणी विचारायचं? आणि समजा असते, तरी बिल बघून कुंकू लावतात? उद्या नमस्कारावर पावती फाडाल?

हळदीकुंकवाचं मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. त्यातून कुणाला वगळतात हे मी लहानपणापासून बघत आले आहे आणि ते मला कधी पटलेलं नाही. पण जो तुम्हाला दारात येऊ देतो तो तुमच्या कपाळाची किंमत विचारत नाही, एवढी त्यात माणुसकी होती. तिच्यावर त्याने दर लावला.

आईच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ती उठली. दुकानाचा करंडा खुर्चीवर ठेवला, आपला उचलला. छोटे शेठ म्हणाले, “मौसीजी, आप कहाँ?” आई मराठीतही नाही, आपल्या बोलीतच म्हणाली, “मी बाजारमा नही बठेल शे.” ते त्यांना कळलं नाही, आणि मी भाषांतर केलं नाही.

मी तिच्यामागोमाग बाहेर आले. तिने फुटपाथवर, त्या टीव्हीसमोर उभं राहून एकेकीला कुंकू लावायला सुरुवात केली. टीव्हीत सगळं दिसत होतं, बायकांच्या उतरलेल्या चेहऱ्यांसकट. मावशीची पाळी आली तेव्हा तिने मान मागे घेतली.

“आते नको,” ती म्हणाली. “तू बलावं म्हनीसन आम्ही उनूत.”

आणि ती डबा काखेत मारून एकटी चालती झाली. कुंकू नाकारणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आईचं बोट तसंच हवेत राहिलं. माझ्या जिवाचा संताप संताप झाला आणि मी काय केलं? मी आत जाऊन खुर्चीत बसले, कारण सहा वाजेपर्यंत माझी ड्युटी होती.

दुसऱ्या दिवशी काचेतल्या टीव्हीवर कॅमेऱ्याचं थेट चित्र नव्हतं. आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग फिरून फिरून चालू होतं: दारात जमलेल्या बायकांची गर्दी. आवाज नव्हता. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, दुकानात शिरायला झुंबड उडाली आहे. मी छोट्या शेठना म्हटलं, या बायकांचा तुम्ही अपमान केलात आणि वर त्याचीच जाहिरात करता? ते खरोखर गोंधळले. म्हणाले, अगं, बघ तरी, केवढा रिस्पॉन्स आहे! तुझ्या आईला सांग, पुढच्या वर्षीही तिचाच आवाज घेऊ. मी पर्स उचलली आणि घरी आले. निघताना दोन खरमरीत वाक्यं सुनवावीत असं फार वाटत होतं, पण मी नुसता काचेचा दरवाजा ढकलून बाहेर पडले. ती वाक्यं मी अजून घोकते.

गल्लीत आईशी कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नळावर तिला जागा करून देत, बोलत मात्र नसत. आणि भोंगेवाली रिक्षा रोज फिरत होती. सकाळी एकदा, दुपारी एकदा तिचाच आवाज गल्लीतून जायचा: रिकामा हाते कोनीच जावाव नही, हाई मनी जबान शे. तो यायला लागला की आई स्टोव्हला उगाच पंप मारायची. दोन दिवस तिने नीट जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी देवापुढची जांभळी साडी खाली घेतली, धागा कापायची कात्री घेतली, आणि साडी उभी चिरली. मी ओरडले. ती म्हणाली, “वाण नको का देवाले?” आठवडाभर ती आणि मी त्या साडीचे नाडीचे बटवे शिवत बसलो.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी ती घरोघर बोलावणं करायला निघाली. मी सोबत होते. बायका ‘बरं’ म्हणत, पुढे काही नाही. मावशीच्या दारात आई उंबऱ्याबाहेरच थांबली. “उद्या हळदीकुंकू शे मना घर. ये.”

मावशी गठ्ठ्यावर वाकून धागा कापत होती. तिने मान वर केली नाही. “बिल लागी का?”

त्यावर आई काही बोलायच्या आत कोपऱ्यावरून भोंगा आला. दारात उभी असलेली आई गप्प, आणि रस्त्यावर तिचाच आवाज सगळ्यांना बोलावतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई वळली, भररस्त्यात गेली आणि रिक्षासमोर उभी राहिली. “हाऊ आवाज मना शे,” ती म्हणाली. “माले परत दे.”

रिक्षावाला चिडून काहीतरी बोलणार होता. मग त्याने भोंग्यातला आवाज ऐकला, समोरच्या बाईचा ऐकला, आणि एकदम ओशाळला. त्याने टेप बंद केला, कॅसेट काढली आणि मुकाट तिच्या हातात दिली. मालकाला काय सांगणार, असं मी विचारलं. टेपने गुंडाळून टाकली म्हणतो, तो म्हणाला. मी वळून पाहिलं तर मावशी कात्री हातात घेऊन दारात उभी होती.

रथसप्तमीला आई दुपारपासून करंडा घेऊन बसली. बायका आल्या, सगळ्या नाही, पण आल्या. कुंकू लावून घेतलं, बटवा घेतला, दोन वाक्यं बोलल्या. दर वेळी पाऊल वाजलं की आई दाराकडे बघायची. मावशीचा बटवा तिने बाजूला काढून ठेवला होता, पदराच्या काठाचा, जरीचा. दिवेलागण होत आली. मी बटव्यांची पाटी आवरायला घेतली तर आईने माझा हात धरला.

तेवढ्यात मावशी आली. तोच शालू, तोच तिळगुळाचा डबा. चेहरा मात्र गंभीर. ती आईच्या समोर बसली, कमरेची चंची सोडली आणि आतून चार घड्या घातलेला एक कागद काढून आईपुढे धरला.

“हाई घे. लाइटनं बिल शे,” ती म्हणाली. “लाव आते कुंकू.”

खोलीतल्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आईही हसली, आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं की तिने कुंकू मावशीच्या कपाळाऐवजी नाकावर लावलं.